टेक्सासमध्ये ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीत बंदूक ठेवायची असेल तर: नव्याने आलेल्यांसाठी क्रमवार माहिती

डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनला नव्याने आलेल्या मराठी मंडळींना या विषयावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. ऑफिसातला सहकारी सांगतो, "हे टेक्सास आहे, गाडीत काहीही ठेव, कोणी विचारत नाही." कंपनीची नियमपुस्तिका सांगते, "कंपनीच्या आवारात शस्त्र आढळल्यास तत्काळ कामावरून काढण्यात येईल." दोन्हींवर विसंबू नका. सहकाऱ्याच्या सल्ल्यात तुमच्या व्हिसाचा विचार नसतो आणि पुस्तिकेतला मजकूर बऱ्याचदा सगळ्या राज्यांसाठी एकच छापलेला असतो.

ग्रीनकार्ड आल्यावर मी रीतसर पिस्तूल घेतलं, परवाना काढला आणि आमच्या कंपनीशी लेखी बोलून पार्किंगचा प्रश्न सोडवला. मी वकील नाही. पण कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे तेव्हा एका जागी मराठीत कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून लिहितो आहे. हा क्रम बदलू नका. पहिल्या पायरीवर उत्तर "नाही" आलं, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत.

१. आधी स्वतःचा इमिग्रेशन दर्जा बघा

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे तात्पुरते व्हिसे. अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा, गुन्हा आहे. अमेरिकेच्या संहितेच्या १८ व्या भागातलं कलम ९२२ (जी)(५) ते सांगतं आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे. टेक्सासचा कायदा कितीही उदार असला तरी तो इथे मदतीला येत नाही.

या बंदीला अपवाद आहे. वैध शिकार परवाना असेल तर तात्पुरत्या व्हिसावरची व्यक्तीही बंदूक बाळगू शकते. टेक्सासमध्ये हा परवाना पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. आपल्यातले काही जण याच वाटेने पिस्तूल घेतात. कायद्यात ते बसतं, पण ते पिस्तूल रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेण्याचा बेत असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे: नका करू. वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नूतनीकरण राहिलं तर १ सप्टेंबरच्या सकाळी तुमच्या गाडीतली तीच वस्तू गुन्ह्याचा पुरावा ठरते.

ग्रीनकार्डाचा अर्ज केलाय आणि ईएडी (काम करण्याची परवानगी देणारं कार्ड) हातात आहे, एवढ्यावर जाऊ नका. कार्ड येईपर्यंत थांबा.

ग्रीनकार्डधारकाला बंदूक घेता येते, पण आपली स्थिती नागरिकासारखी नाही हे मनात पक्कं धरा. इमिग्रेशन कायद्यात शस्त्रविषयक गुन्ह्यांसाठी देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कलम आहे. बंदूक बेकायदा बाळगल्याबद्दल किंवा नेल्याबद्दल दोषी ठरलात, तर ज्या गुन्ह्यात नागरिक दंड भरून सुटेल त्यातच तुमचं ग्रीनकार्ड धोक्यात येऊ शकतं. पुढच्या पायऱ्यांमध्ये मी काही ठिकाणी कायद्याहूनही कडक सल्ला दिला आहे, तो याच कारणाने. तशीच गोष्ट गांजाची. तो काही राज्यांत दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्यात बेकायदाच आहे. खरेदीच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न असतो आणि तिथे खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा आहे.

२. टेक्सासचा कायदा नेमकं काय देतो ते समजून घ्या

कर्मचाऱ्याला ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीत बंदूक ठेवू देणाऱ्या कायद्यांची सुरुवात शेजारच्या ओक्लाहोमात झाली. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होत असताना, व्हॅलियंट इथल्या वेअरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्यात पार्किंगमधल्या गाड्या तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या ते कामगार कामावरून गेले. त्यानंतर ओक्लाहोमाने मालकांना अशी बंदी घालता येणार नाही असा कायदा केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि खालच्या न्यायालयात जिंकल्याही, पण २००९ मध्ये दहाव्या सर्किटच्या (ओक्लाहोमा ज्यात येतं त्या न्यायविभागाच्या) फेडरल अपील न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. तोवर फ्लोरिडा आणि जॉर्जियानेही २००८ मध्ये तसे कायदे केले होते. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०११ पासून लागू आहे.

तो लेबर कोडच्या (राज्याच्या कामगार संहितेच्या) कलम ५२.०६१ मध्ये आहे. थोडक्यात असा: कर्मचाऱ्याकडे कायदेशीर बंदूक किंवा गोळ्या असतील, त्या त्याच्या स्वतःच्या, कुलूपबंद गाडीत असतील आणि गाडी मालकाने कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या पार्किंगमध्ये असेल, तर मालक त्याला मनाई करू शकत नाही. सरकारी आणि खासगी, दोन्ही मालकांना हे लागू आहे.

आता हे कलम काय देत नाही ते बघा, कारण लोक तिथेच फसतात. इमारतीच्या आत बंदूक आणायला मालक पूर्ण मनाई करू शकतो. म्हणजे गाडीतून काढून बॅगेत घातली आणि लॉबीत पाऊल ठेवलं की संरक्षण संपलं. कंपनीची मालकीची किंवा लीजवर घेतलेली गाडी तुम्ही कामासाठी वापरत असाल, तर तीही या कलमात बसत नाही. आणखी एक: या भागात मालकाला ठरावीक दंड लिहिलेला नाही. टेक्सासमध्ये नोकरी "ॲट-विल" असते, कारण न सांगताही काढता येतं. त्यामुळे कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून एचआरशी वाद ओढवून घेऊ नका.

३. पार्किंग कोणाचं आणि तुमचा मालक कोण, हे शोधा

आपल्या मंडळींसाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि इंग्रजीतल्या माहितीत ती जवळजवळ कुठेच नीट सांगितलेली नसते.

कलमाची भाषा आहे: मालकाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दिलेलं पार्किंग. आपल्यातले कितीतरी जण पगार घेतात एका कन्सल्टिंग कंपनीचा आणि बसतात तिच्या क्लायंटच्या ऑफिसात. पार्किंग क्लायंटचं असतं आणि क्लायंट तुमचा मालक नसतो. अशा वेळी ५२.०६१ च्या भरवशावर गाडीत बंदूक ठेवू नका. क्लायंटने "आमच्या जागेवर शस्त्र नको" असं करारात लिहिलेलं असतं आणि तुमच्या कंपनीने ते मान्य केलेलं असतं. क्लायंटच्या एका फोनवर तुमचं काम थांबेल. एच-वन-बीवर असताना काम थांबलं की काय होतं, हे कोणाला सांगायला नको. (अर्थात एच-वन-बीवर असाल तर तुम्ही पहिल्याच पायरीवर थांबला असाल अशी आशा आहे.)

दुसरी अडचण भाड्याच्या इमारतींची. प्लेनो किंवा आयर्विंगच्या एखाद्या टॉवरमध्ये अनेक कंपन्या असतात, खालचं गॅरेज इमारतीच्या मालकाचं असतं आणि पाहुणे, ग्राहक, कर्मचारी सगळे तिथेच गाड्या लावतात. तुमच्या कंपनीने तिथे जागा घेऊन कर्मचाऱ्यांना दिली आहे का, की तुम्ही स्वतः पैसे भरून लावता? पहिल्या स्थितीत तुमची बाजू भक्कम, दुसरीत कमकुवत. पार्किंगचा पास कोणाच्या नावाने निघतो ते आधी तपासा.

दारावरच्या पाट्याही वाचायला शिका. पीनल कोडची (राज्याच्या दंडसंहितेची) ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ ही कलमं पाट्यांवर दिसतात. ३०.०६ ची पाटी परवानाधारकाने लपवून बाळगलेल्या हँडगनला मनाई करते, ३०.०७ ची उघड बाळगलेल्या हँडगनला आणि ३०.०५ ची विनापरवाना बाळगणाऱ्यांना. पाटी इमारतीच्या दारावर आहे की पार्किंगच्या फाटकावर, तेही बघा. फाटकावर असेल आणि ते तुमच्या मालकाचं पार्किंग नसेल, तर गाडी आत नेऊच नका.

४. तुमचं कामाचं ठिकाण अपवादात येतं का?

तेल शुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. बेटाउन, पोर्ट आर्थर किंवा ह्यूस्टनच्या शिप चॅनलजवळ काम करणाऱ्या इंजिनिअरांनी हे नीट वाचावं. अशा ठिकाणी सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ५२.०६१ चं संरक्षण नाही. मात्र ज्याच्याकडे हँडगनचा परवाना आहे, त्याला प्रत्यक्ष प्लांटच्या, सतत पहारा असलेल्या बंदिस्त भागाबाहेरच्या पार्किंगमध्ये ते मिळतं. फाटकाच्या आतलं पार्किंग आणि बाहेरचं पार्किंग यात कायद्याने एवढा मोठा फरक केला आहे.

शाळा. सार्वजनिक, चार्टर आणि खासगी शाळा या कलमाबाहेर आहेत. परवानाधारक शाळा-कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण संहितेत २०१७ पासून वेगळी तरतूद आहे, ती स्वतंत्रपणे वाचा.

दुसऱ्याच्या मालकीची, तेल-वायू-खनिजांच्या लीजवरची जमीन असेल आणि त्या लीजमध्येच मनाई लिहिलेली असेल, तर तिथेही संरक्षण नाही.

फेडरल जागा म्हणजे लष्करी तळ, टपाल कार्यालयं वगैरे. तिथे राज्याचा कायदा चालत नाही. टपाल खात्याच्या नियमात पार्किंगही येतं आणि २०१५ मध्ये दहाव्या सर्किटने ती पार्किंगबंदी कायम ठेवली. या बंदीवर पुढेही न्यायालयात लढे झाले आहेत. तरीही ग्रीनकार्डधारकाने तिथे स्वतःवर प्रयोग करू नये. ऑफिसमधून परतताना पार्सल टाकायचं असेल तर त्या दिवशी बंदूक घरी ठेवा.

५. परवाना लागत नसला तरी काढा

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. मग परवाना कशाला? एक कारण वर आलंच, रिफायनरीचं. दुसरं त्याहून मोठं आहे. फेडरल कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेणं गुन्हा ठरवलं आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातले दोन कामाचे: त्या राज्याचा परवाना असणं, किंवा बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवणं. कोणत्याही उपनगरात घर ते ऑफिस या रस्त्यावर किती शाळा लागतात ते नकाशावर बघा. गाडीत भरलेलं पिस्तूल आणि खिशात परवाना नाही, तर तुम्ही रोज ही रेषा ओलांडता आहात.

परवाना राज्याचं डीपीएस (सार्वजनिक सुरक्षा) खातं देतं आणि त्याला बोलीत सगळे एलटीसी (लायसन्स टू कॅरी) म्हणतात. ऑनलाइन अर्ज, ४० डॉलर शुल्क, बोटांचे ठसे, चार ते सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा. परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि ७० टक्के गुण लागतात. वर्ग चांगल्या प्रशिक्षकाकडे प्रत्यक्ष बसून करा. वाद कसा टाळावा आणि शस्त्र सुरक्षित कसं ठेवावं, हे तिथे जसं समजतं तसं व्हिडिओतून समजत नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- ग्रीनकार्ड (मूळ) आणि सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदललं की लायसन्सवरचा पत्ता आधी बदला, दुकानदार जुना पत्ता चालवून घेत नाही.
- एलटीसी.
- खरेदीची पावती आणि बंदुकीचा सीरियल नंबर. हे गाडीत नको, घरी ठेवा, आणि फोटो काढून ईमेलमध्येही.
- कंपनीच्या नियमपुस्तिकेतलं शस्त्रांविषयीचं पान, तारखेसह.
- पार्किंगचा पास किंवा वाटपाचा ईमेल.

६. गाडीत ठेवायची कशी

कायद्यात शब्द आहे "कुलूपबंद गाडी". तेवढ्यावर समाधान मानू नका. ग्लोव्ह बॉक्स ही बंदूक ठेवायची जागा नाही. काच फोडणारा पहिला हात तिथेच घालतो, दुसरा सीटखाली. जाड पोलादी छोटी तिजोरी घ्या आणि ती जाड केबलने सीटच्या चौकटीला बांधा किंवा बोल्टने बसवा. शक्यतो ट्रंकमध्ये. टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, म्हणून बॅटरीवरच्या तिजोरीपेक्षा किल्लीची तिजोरी मला जास्त भरवशाची वाटते.

हँडगन गाडीत उघड्यावर दिसत असेल तर तो गुन्हा होऊ शकतो. होल्स्टरमध्ये (बंदुकीच्या म्यानात) असेल तर अपवाद आहे, पण उभ्या गाडीत ती कोणाला दिसण्याचं काही कारणच नाही.

पार्किंगमध्ये पोचल्यावर बंदूक काढणं, रिकामी करणं, ट्रंकमध्ये हलवणं हे काहीही करू नका. कोणी लांबून पाहिलं तर त्याला फक्त एक माणूस गाडीशेजारी बंदूक घेऊन उभा दिसतो आणि तो पोलिसांना फोन करतो. आपल्या चेहऱ्यामोहऱ्याच्या माणसाबाबत त्या फोनचा सूर कसा असेल, याचाही विचार करा. जे करायचं ते घरच्या गॅरेजमध्ये करून निघा.

गाडीची किल्ली कोणाच्या हाती जाते, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. तुमच्याकडे ग्रीनकार्ड आहे, पण गाडीत बसणाऱ्यांकडे असेलच असं नाही. भारतातून बी-टूवर आलेले बाबा, एच-वन-बीवरचा मित्र, एफ-वनवर शिकणारा भाचा यांना "जरा गाडी घेऊन जा" म्हणून किल्ली दिलीत आणि आत बंदूक असेल, तर ती त्यांच्या ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. बंदूक हातात असावीच लागते असं नाही. ती आहे हे माहीत असणं आणि तिच्यापर्यंत पोचता येणं, एवढ्यावरही आरोप उभा राहू शकतो. म्हणून तिजोरीची किल्ली गाडीच्या जुडग्यात लावू नका आणि गाडी दुसऱ्याला द्यायची असेल तर बंदूक आधी घरी काढून ठेवा. वॅले पार्किंग आणि सर्व्हिस सेंटरलाही हेच लागू.

मुलांबाबत पीनल कोडचं कलम ४६.१३ आहे. निष्काळजीपणाने ठेवलेली, झाडता येईल अशी बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणारा गुन्हेगार ठरतो. पण इथे कलमाकडे बघूच नका. संध्याकाळी त्याच गाडीतून मुलांना पोहायला किंवा तबल्याच्या वर्गाला न्यायचं असेल, तर तिजोरीला कुलूप आहे हे दर वेळी हात लावून तपासा.

७. वाटेतले थांबे

ऑफिसचं पार्किंग सुटलं म्हणजे दिवस सुटला असं नाही. महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव आणि नाटकं बऱ्याचदा हायस्कूलच्या सभागृहात होतात. शाळेच्या इमारतीत बंदूक नेता येत नाही, आणि बाहेर गाडीत ठेवायची तर वर सांगितलेला १,००० फुटांचा नियम आहेच. अशा दिवशी ती घरी राहू द्या. मंदिराच्या फाटकावर मनाईची पाटी असेल तर ती पाळा, विश्वस्तांशी हुज्जत घालू नका.

राज्याची सीमा ओलांडली की टेक्सासचं कलम मागे राहिलं. लांबच्या प्रवासात फेडरल संरक्षण आहे, पण त्यासाठी बंदूक रिकामी आणि हाताशी येणार नाही अशी हवी. वेगळी ट्रंक नसलेल्या गाडीत ती कुलूपबंद पेटीत हवी आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल ही पेटी धरली जात नाही. शिवाय निघता ते आणि पोचता ते, दोन्ही ठिकाणी ती बाळगणं तुम्हाला कायदेशीर हवं. न्यू जर्सीत जुन्या मित्रांकडे गाडीने निघाला असाल, तर टेक्सासचा परवाना तिथे चालत नाही.

८. घरचं पार्किंग

हे सोपं आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये भाडेकराराने भाडेकरूला घरात, त्याच्या पार्किंगमधल्या गाडीत, किंवा गाडीतून घरात नेताना कायदेशीर बंदूक बाळगायला मनाई करता येत नाही. जुन्या करारात तसं वाक्य दिसलं तर अपार्टमेंटच्या ऑफिसला हा कायदा दाखवा. पण रात्री बंदूक गाडीत सोडू नका. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये काचा फुटतात त्या रात्रीच.

९. काही घडलंच तर

पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवा. ओळखपत्र मागितलं आणि बंदूक जवळ असेल, तर परवानाधारकाने लायसन्ससोबत एलटीसीही दाखवायचा असतो. बंदूक कुठे आहे ते शांतपणे सांगा, तिच्याकडे हात नेऊ नका.

बंदूक चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या आणि सीरियल नंबर द्या. नंबर असेल तरच ती चोरीच्या शस्त्रांच्या राष्ट्रीय नोंदीत जाते. तक्रारीची प्रत जपून ठेवा. उद्या तीच बंदूक एखाद्या गुन्ह्यात सापडली तर तपास विकत घेणाऱ्यापासून सुरू होतो, आणि ग्रीनकार्डधारकाला तेव्हा हाच कागद लागतो.

एचआरने विचारलं तर तोंडी वाद नको, खोटंही नको. नोकरीला लागतानाच, बंदूक आणण्याआधी, एक साधा ईमेल पाठवणं उत्तम: "पुस्तिकेतला शस्त्रबंदीचा नियम टेक्सासच्या लेबर कोड कलम ५२.०६१ नुसार कर्मचारी पार्किंगमधल्या कुलूपबंद खासगी गाडीला लागू होतो का, कृपया लेखी कळवा." तुमच्याकडे बंदूक आहे असं त्यात लिहू नका, विचारणं पुरेसं आहे. मला उत्तर यायला वेळ लागला, कारण प्रश्न कंपनीच्या वकिलांकडे गेला होता. तोपर्यंत मी बंदूक घरीच ठेवली. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर रोजगार आणि इमिग्रेशन या दोन्ही विषयांच्या वकिलांना एकेकदा पैसे देऊन विचारा. फक्त रोजगाराच्या वकिलाला विचारलंत तर पहिल्या पायरीवरचा प्रश्न तो कदाचित तुम्हाला विचारणारच नाही.